सव्वादोनचा चुडा

बीबीच्या बाजारात चिंचेखाली उकंडराव कासार घोंगडी अंथरून बसला, की त्याच्याभोवती बायकांचा गराडा पडायचा. लोणारहून तो तट्टावर पेट्या लादून यायचा. बाकीचे कासार माशा मारत बसलेले असायचे आणि याच्यापुढं मात्र जागेवरून भांडणं. कारण साधं होतं. उकंडरावाच्या हातून बांगडी फुटत नसे. बाईचा हात धरायचा, डोळे मिटायचे, अंगठ्यानं तळव्याची गादी जरा दाबून पाहायची आणि माप सांगायचं. सव्वादोन, अडीच, पावणेतीन. एकदा धरलेला हात तो विसरतही नसे. कितीतरी वर्षांनी माहेरी आलेली एखादी लेकुरवाळी मुद्दाम काही न बोलता हात पुढं करायची, आणि हा डोळे मिटूनच म्हणायचा, "शेषरावची धाकली ना तू?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, सडकेवरून मोटारी नुकत्याच धावायला लागल्या होत्या, आणि खेड्यापाड्यात परक्या बाईचा हात चारचौघांत हातात घ्यायची मुभा एका कासारालाच होती. तो बापाच्या ठिकाणी. बांगड्या भरून झाल्या की बाई त्याच्या पाया पडायची. उकंडरावानं त्या मानाला कधी बट्टा लावला नाही. माणूस सरळ, जरा भित्रा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, तेव्हापासून नाव उकंडा. मरणानं केर समजून पुढं जावं, एवढाच त्यातला हेतू. मरण पुढं गेलंही. त्याच्यावरून टळलेलं मरण कुणाच्या दारात जाऊन बसलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

त्या दिवशी बाजारात एका म्हातारीनं सहज चौकशी केली, घरचीला कितवा महिना? सातवा लागला, उकंडराव म्हणाला. मग हिरवा चुडा कधी भरता, म्हातारीनं विचारलं. उकंडरावानं हातातला तिचा हात हळूच खाली ठेवला आणि उन्हं उतरायच्या आधीच पेटी आवरायला घेतली.

अख्ख्या तालुक्यात ज्याच्या हातून काच तडकली नाही, त्या माणसाच्या हातून एकाच बाईच्या बांगड्या फुटत होत्या. ती त्याची बायको, कोकिळा.

कोकिळा त्याची दुसरी. पहिली गोजरबाई. गोजर अंगानं शेलाटी, तोंडानं फटकळ, आणि हात मात्र लहान पोरीसारखे, सव्वादोनचे. मोठ्या बायकांत तेवढ्या मापाच्या बांगड्या एका तिलाच व्हायच्या, म्हणून उकंडराव तिच्यासाठी एक माळ पेटीच्या तळाशी वेगळी ठेवायचा. पोरबाळ नव्हतं. पण दोघांचं छान चाललं होतं.

एका वर्षी देवीच्या जत्रेला तो लोणारच्या तळ्यात उतरत होता. तळं म्हणजे केवढा तरी खोल कढईसारखा खड्डा; वरच्या काठावरून झाडीतून पायवाट खाली जाते, आणि भर दुपारीही तिथं पाखराचा आवाज नसतो, नुसता खाऱ्या पाण्याचा कुजका वास. उतारावर उकंडरावाचा पाय घसरला. डोक्यावरची पेटी वाचवायला डावा हात वर राहिला आणि सगळं अंग उजव्या तळव्यावर आलं. काच शाबूत राहिली. मनगट गेलं.

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, लेप दिले. सूज उतरली, पण अंगठ्याच्या मुळाशी कळ राहिली ती राहिलीच. पाण्याचा तांब्या उचलवेना, तिथं बाईचा हात दाबून बांगडी कुठली भरतो! वर्ष उलटलं. शेवटी नवरा-बायको रेल्वेच्या गावी मिशनच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर नगरकडचे होते, पुस्तकी बोलायचे, पण समजावून सांगायचे. त्यांनी मनगटाचा आतला फोटो काढून खिडकीशी धरला. इथं भुईमुगाच्या शेंगेएवढं एक हाड असतं, ते म्हणाले, शेंगेसारखंच मध्ये बारीक. ते कमरेत मोडलं आहे. त्याला रक्त एकाच टोकाकडून मिळतं, म्हणून मोडलं की दुसरं टोक उपाशी पडतं आणि दोन तुकडे आपणहून जुळत नाहीत. दोन्ही तुकडे आतून कोरायचे आणि मधोमध ताज्या हाडाची पाचर बसवायची, एवढाच उपाय. ती पाचर नडगीतून काढायची. पण उकंडरावाच्या दोन्ही नडग्या नारूच्या जखमांनी चाळण झालेल्या होत्या. तिथं सुरी लावायला डॉक्टर तयार होईनात.

तेव्हा भिंतीशी बसलेली गोजर म्हणाली, "माह्या पायाचं घ्या."

डॉक्टरांनी तिला परोपरीनं सांगितलं. दुसऱ्याचं हाड धरेलच असं नाही, धरलं तरी तिचा पाय दुखावेल. ती हटून बसली. नवऱ्याला बायकोचं हाड दुसऱ्याचं कसं, एवढं एकच तिचं म्हणणं. शेवटी त्यांनी हात टेकले.

हाड धरलं. डॉक्टरांनाही नवल वाटलं इतकं छान धरलं. गोजरची जखम पुरती भरेपर्यंत तिनं हलू नये असं त्यांनी बजावलं होतं, पण संक्रांत तोंडावर आली होती, आणि कासाराच्या घरी संक्रांत म्हणजे सुगी. गोजर राहीना. उकंडरावानंही तिला राहा म्हटलं नाही. परतताना मोटारीत तिनं त्याचा पट्टीतला हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि हसत म्हणाली होती, "आता तुमच्या हातात मीच हाय. पाहून घेत जा, कोनाच्या हातात हात घालता ते."

तो हसला होता. शेजारची माणसंही हसली होती.

जखम चिघळली. गोजर लंगडत पेट्या उचलायची, दारात बसून डाव्या नडगीची पट्टी सोडायची, बांधायची. दवाखान्यातल्या बाईनं शिकवलं होतं तसं खालून वर, दर वेढ्याला एक घडी मोडून. घरभर तो वास भरून राहिला, औषधाचा उग्र वास आणि त्याच्या खाली कुजका. पावसाळा सरता सरता ताप डोक्यात गेला आणि ती गेली.

सवाष्ण गेली, म्हणून हिरवा चुडा. तो उकंडरावानंच भरला. बरा झालेला हात पुरता चालला तो त्या दिवशी. गेलेल्या माणसाचा हात ताठतो, तिथं बांगडी भरणं म्हणजे कासाराची परीक्षा. गोजरचा हात ताठला नव्हता. बांगड्या तेलातून सरकाव्यात तशा सरकत गेल्या, आणि रडता रडता उकंडरावाच्या मनात येऊन गेलं, की आपण भरतो आहोत की ती घालून घेते आहे?

वर्षश्राद्ध झालं आणि घरात राहणाऱ्या विधवा मावशीनं, तानुबाईनं, त्याच्या दुसऱ्या लग्नाचा घाट घातला. कोकिळा मेहकरकडची. बाप पितळेची भांडी घडवायचा, त्याच्या भट्टीवर घण मारून मारून पोरीचे हात रुंद झालेले, नीट अडीचचे. मनानं मोकळी, बोलणं थेट. तानुबाईनं रीतीप्रमाणं सोनाराकडून सवतीचा टाक करून घेतला. मेलेल्या बायकोचा नखाएवढा चांदीचा मुखवटा, तो नवीच्या गळ्यात बांधतात. पहिली त्यात राहते, रोजचं हळदकुंकू आणि सणाचा पहिला घास घेते, आणि नव्या संसाराला आडवी येत नाही. कोकिळेनं तो टाक मनापासून सांभाळला. सकाळी अंघोळ झाली की आधी त्याला कुंकू, मग स्वतःला.

हाडाचं मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या पोरीला कशाला, असं तानुबाई म्हणाली, आणि उकंडरावालाही ते सोयीचं वाटलं.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं कौतुकानं तिचा हात धरला, डोळे मिटले आणि बांगडी चढवली. कट्. दुसरी घेतली. तीही गेली. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तानुबाई वाढली, वाढली म्हणत काचा गोळा करत राहिली. कोकिळेच्या मनगटातून रक्त आलं. उकंडराव घाबरला तो रक्तानं नव्हे. त्याचा अंगठा त्याचं ऐकत होता, पण आधी दुसऱ्या कुणाचं तरी ऐकून मग. आणि बंद खोलीत, क्षणभर, पट्टीचा वास आला होता.

तिला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा पाचव्या महिन्यात त्यानं पुन्हा धीर करून चुडा भरला. एकूण एक बांगडी वाढली. दुसरा दिवस उजाडायच्या आत पोट रिकामं झालं. दुसऱ्या खेपेला तो बांगड्यांच्या वाटेलाच गेला नाही. मेहकरचा वाहेद मणियार येऊन भरून गेला, आणि त्या बांगड्या नीट राहिल्या. मग एकदा उंबऱ्यात कोकिळेचा तोल गेला. उकंडरावानं झटकन तिचं मनगट धरलं. ती पडली नाही. बांगड्यांचा चुरा झाला, आणि तेही पोर गेलं.

त्यानंतर त्यानं बायकोला हात लावला नाही. म्हणजे उजवा नाही. ती पाण्याचा तांब्या खाली ठेवायची, तो खालून उचलायचा. निजताना उजवा हात अंगाखाली दाबून निजायचा. तरी पुढं दिवस राहिले. आता सातवा लागला होता, आणि सातव्यात चुडा भरल्याशिवाय चालत नाही.

बीबीहून तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. तानुबाई पोरासाठी नवस बोलायला देवीला गेली होती. कोकिळा कंदील पुसत ओट्यावर बसली होती. तट्टू बांधून तो आत जायला लागला, तशी ती म्हणाली, "बसा जरा."

तो बसला. उजवा हात सवयीनं पंच्याखाली गेला.

"तो हात काऊन लपवता तुमी?"

तळ्याकडून वारा आला, खारट. कोकिळेनं कंदिलाची वात वर केली आणि त्याच्या तोंडाकडं पाहत हलक्या आवाजात म्हणाली, "मी भट्टीवरची पोरगी हाय. काच कशी फुटते, मले समजते. तुमी दाबून फोडत नाई. तुमी हात लावता, अन्... आतून कोनी तरी माहं मनगट ढकलते. त्या हातात काय हाय?"

मग त्यानं सगळं सांगितलं. शेंगेएवढं हाड, पाचर, नडगी, संक्रांत. मोटारीतलं गोजरचं बोलणंही सांगितलं. सांगताना त्याला रडू आलं, आणि इतकी वर्षं जे कुणाशी बोलला नव्हता तेही बोलून गेला, की तिच्या हाडानं मी उभा राहिलो आणि तिला मात्र मी त्या पायावर चालवली.

कोकिळा रागावली नाही. तिनं गळ्यातला टाक चिमटीत धरला, कंदिलाच्या उजेडात उलटसुलट करून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मंग मी गळ्यात कोनाले घेऊन फिरून राह्यली?" ती म्हणाली.

उकंडरावाला तेव्हा उमगलं. तिनं ज्याला तीन संक्रांतींचे तीळगूळ दाखवले, ती नुसती चांदी होती. जिला मान द्यायचा ती कधी त्यात आलीच नव्हती. ती इथं ओट्यावर, पंच्याखाली होती, आणि उपाशी होती.

चार दिवसांत दोघं मोटारीनं दवाखान्यात गेले. उकंडरावानं ठरवलं होतं, हाड काढून टाकायचं. हात लुळा पडला तर पडो. बांगड्यांचा धंदा बुडाला तर पितळेची भांडी विकू, पण हे पोर आणि ही बाई राहिली पाहिजे. तसं त्यानं डॉक्टरांना सांगितलं, भुताखेताचं नाव न काढता. हात जड होतो, एवढंच.

डॉक्टरांचे केस मधल्या काळात पिकले होते. त्यांनी नवा फोटो काढला आणि जुन्याच्या शेजारी खिडकीच्या काचेला लावला. जुन्यात दोन तुकड्यांच्या मधोमध पांढरी पाचर स्पष्ट दिसत होती. नव्यात काहीच नव्हतं. एक अखंड शेंग.

"काढू काय?" डॉक्टर कौतुकानं म्हणाले. "तिथे तिचं काही उरलेलंच नाही. ती पाचर म्हणजे नुसता मांडव होता. तुमचं हाड त्याच्यावर वेलासारखं चढत गेलं, कणाकणानं. जिथे चढलं तिथला मांडव त्यानं खाऊन टाकला. बाहेरून आकार तोच, आत सगळं दुसरं. हे असंच होतं, आणि असंच व्हायला हवं."

कोकिळेनं पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच काही नाही? खरंच नाही, ते म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते.

परतीच्या वाटेवर कोकिळा हसत होती. किती तरी महिन्यांनी तिनं उकंडरावाच्या उजव्या हाताला हात लावला. हात नव्हे, नुसती बाही, पण लावला. लोणार आलं तशी ती घरी न जाता तळ्याच्या काठाकडं वळली. जड अंगानं एवढं उतरू नकोस म्हणून तो मागं धावला. ती अर्ध्या उतारावर, झाडीतून पाणी दिसतं तिथं थांबली. गळ्यातला दोरा तोडला.

"हातात नाई, टाकात नाई. कुठंच नाई ती," ती म्हणाली. "मंग आपन कोनाले भिऊन राह्यलो?"

आणि टाक खाली भिरकावला. हिरव्या पाण्यावर तो कुठं पडला ते दिसलं नाही. आवाजही आला नाही. उकंडरावाला वाटलं, पडायला हवा होता तेवढा वेळ लोटून गेला तरी आवाज आला नाही. पण तिच्या चेहऱ्यावरचं हसू त्याला मोडवलं नाही.

तानुबाईला कळलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. टाक होता तोवर काही तरी आडवं होतं, एवढंच म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

ओटीभरणाच्या दुपारी घर बायकांनी भरलं. ओट्यावर ऊन पडलं होतं, आत हिरव्या लुगड्यात कोकिळा पाटावर बसली होती, तिच्या केसांत अबोली होती. वाहेद मणियाराला निरोप द्यायचं उकंडरावाच्या मनात होतं. कोकिळेनं देऊ दिला नाही.

"तुमीच भरा," ती म्हणाली. "नाई तर जलमभर मी तुमच्या हाताले भीत राहीन."

तो पेटी घेऊन तिच्यासमोर बसला. अडीचची हिरवी माळ काढून घोंगडीवर ठेवली. बायकांचं गाणं चाललं होतं, ते हळूहळू थांबलं. मागच्या दोन खेपांचं सगळ्यांना ठाऊक होतं. कोकिळेनं हात पुढं केला. तो थरथरत होता. उकंडरावानं तो धरला आणि कायमच्या सवयीनं डोळे मिटले.

वास आला नाही. अंगठा जड झाला नाही. त्याचं मनगट किती हलकं, जणू तळ्यात पडायच्या आधीचं. त्यानं तिचा अंगठा आत दुमडला, गादी दाबली, माळेतून पहिली बांगडी घेतली आणि सरकवली.

गेली. किणकिण करत मनगटावर जाऊन बसली.

कुणीतरी सुस्कारा सोडला. त्यानं दुसरी घेतली, तिसरी घेतली. कोकिळेच्या हाताची थरथर थांबली होती. हात मेणासारखा मऊ झाला होता, हाडांनी जागा करून द्यावी तसा. बांगड्या तेलातून सरकाव्यात तशा सरकत होत्या. मिटल्या डोळ्यांतून उकंडरावाच्या गालावर पाणी आलं. बायका हसायला लागल्या, कुणी पुन्हा गाणं धरलं. डावा झाला, उजवा झाला. एकही वाढली नाही. सुटलो, त्याला वाटलं. देवा, सुटलो आपण.

"उकंड्या..." तानुबाईचा आवाज आला. "डोळे उघड."

त्यानं उघडले. घोंगडीवर अडीचची माळ होती तशी पडली होती. तिची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. शेजारी एक रिकामा दोरा होता, जुना, मळका. पेटीच्या तळच्या माळेचा. गोजर गेल्यापासून उकंडरावानं त्या माळेला हात लावला नव्हता.

कोकिळेच्या दोन्ही मनगटांवर सव्वादोनचा चुडा होता. फसलेला नाही, रुतलेला नाही. हात हलवला की खुळखुळत होता.

घण मारलेल्या त्या रुंद हातावरून सव्वादोनची बांगडी चढवायची तर आतली हाडं मोडायला हवीत. उकंडरावानं तिचा हात अजून सोडला नव्हता. डोळे मिटायचं त्याला धाडस होईना, पण मिटायची गरजही नव्हती. अंगठ्याखाली तळव्याची गादी होती. लहान, लहान पोरीसारखी. एकदा धरलेला हात तो विसरत नसे.

"नवस फेडा बाई आता," कुणीतरी म्हणालं, आणि कोकिळा हसली. रीतीप्रमाणं त्याच्या पाया पडायला वाकली. वाकताना डावा पाय तिनं जरा जपून मागं घेतला.

संध्याकाळी पाहुण्या बायका गेल्या. तानुबाई आतल्या खोलीचं दार लावून पडून राहिली होती. उकंडराव तट्टाला चारा घालून आला, तर बायको दारात बसली होती, अंधूक उजेडात, पाठमोरी. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं होतं आणि जुन्या धोतराची एक पट्टी ती डाव्या नडगीला गुंडाळत होती.

"काय झालं पायाले?" त्यानं विचारलं.

"काई नाई. सांजचा दुखते."

तो दोन पावलं पुढं आला. नडगीवर जखम नव्हती. साधा ओरखडाही नव्हता. कोकिळेची घट्ट, सावळी, निरोगी नडगी. ती पट्टी गुंडाळत होती, खालून वर, दर वेढ्याला एक घडी मोडून. वेढा पुरा होई तोवर खालचा वेढा ओला होत होता. घरात वास भरत होता.

डॉक्टरांचं बोलणं त्याला आठवलं. कणाकणानं. बाहेरून आकार तोच. टाक नव्हता, आडवं काही नव्हतं, आणि वेलाला मांडव मिळाला होता. हे पोर जगेल, याबद्दल आता त्याला शंका उरली नाही. गोजरला पोराची फार हौस होती. पण पाटावर बसलेली, हसत टाक भिरकावणारी ती भट्टीवरची पोर... ती कुठवर उरली असेल? मनगटापर्यंत गेली होती की कोपरापर्यंत?

नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची त्या घरात पद्धत नव्हती. त्यानं मारली.

"कोकिळा."

तिनं मान वळवली नाही. पट्टीचं टोक दातात धरून ती गाठ मारत होती. तो परत म्हणाला, जरा मोठ्यानं, आणि त्याचा आवाज फाटला. आत तानुबाई उठून बसल्याचं ऐकू आलं. दारातली मात्र आपल्याच कामात होती. बांगड्या खुळखुळत होत्या.

दुसरं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. उकंडरावानं उजव्या हातानं आपलं तोंड घट्ट दाबून धरलं आणि तो भिंतीशी तसाच उभा राहिला. त्या नावाला ती ओ देईल, हे त्याला ठाऊक होतं.